पिकअप मिसिंग करते, घाटात बंद पडते: पंप खोलायच्या आधी काय बघायचं

जुनी डिझेल पिकअप चालवणारे बरेच जण सध्या एकच प्रश्न विचारतात: इंधनात इथेनॉल मिसळायला लागल्यापासून गाडी मिसिंग करायला लागली का? तर नाही. ते २० टक्के इथेनॉल पेट्रोलमध्ये असतं, डिझेलमध्ये नाही. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात डिझेलसाठी २०३० पर्यंत ५ टक्के बायोडिझेलचं उद्दिष्ट ठेवलं आहे. पण बायोडिझेल तेला-चरबीपासून बनतं, त्याचा इथेनॉलशी संबंध नाही. दुसरा संशय बीएस-६ (प्रदूषण कमी करण्याच्या नव्या मानकाच्या) डिझेलवर असतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या या डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत फार तर १० भाग असतं. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा वंगणपणा कमी होतो हे खरं, पण ती कसर रिफायनरीतच रसायन घालून भरून काढतात.

मग दहा-पंधरा वर्षं चाललेली, नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून वाशीला जाणारी गाडी माळशेज घाटात का गचके खाते? गॅरेजमध्ये याचं ठरलेलं उत्तर आहे: ‘पंप गेला.’ म्हणजे इंजिनाला दाबाने डिझेल पुरवणारा मुख्य पंप. कधी कधी तो गेलेलाही असतो. पण बहुतेक वेळा दुखणं पंपाच्या अलीकडे असतं, टाकी ते पंप या टप्प्यात. तिथलं सामान म्हणजे रबरी पाइप, क्लिपा, तांब्याचे वायसर, फिल्टर. सगळं मिळूनही पंपाच्या कामाच्या तुलनेत किरकोळ. म्हणून तपासणी टाकीकडून सुरू करायची आणि पंपाला शेवटी हात लावायचा.

### इंजिनाला नेमकं काय लागतं

डिझेल इंजिनात प्लगची ठिणगी नसते. पिस्टन हवेला १७-१८ पट दाबतो, हवा ५०० अंशांच्या वर तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की ते आपोआप पेटतं. म्हणजे पुरेशी हवा, पुरेसं कॉम्प्रेशन आणि वेळेवर, मापात, धुक्यासारखं आलेलं डिझेल, एवढंच लागतं. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) मिनिटाला ८०० फेरे असतील तर एकेक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटायला हवा. त्यातला एक वारंवार चुकला की ठेका तुटतो, आणि त्यालाच आपण मिसिंग म्हणतो.

डिझेलचा रस्ताही एकदा डोळ्यांसमोर आणू. टाकीतली जाळी, तिथून चेसिसच्या कडेने येणारा पाइप, मग फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप, बहुधा त्यालाच हाताने मारायचा प्रायमर असतो), फिल्टर, मुख्य पंप, चार लोखंडी पाइप आणि सिलिंडरमध्ये फवारा मारणाऱ्या चार नोझल. उरलेलं डिझेल रिटर्न पाइपने टाकीत परत. फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं. फीड पंपानंतर एक-दोन बारचा दाब असतो (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाएवढा). मुख्य पंपाच्या पुढे, जुन्या यांत्रिक पंपाच्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात, साधारण २०० ते २५० बारला नोझल उघडते. काही रोटरी पंपांत ओढण्याचं काम पंपाच्या आतच होतं, वेगळा फीड पंप नसतो. तिथे फिल्टरसकट सगळी लाइन ओढीखाली असते.

तुमच्या गाडीत यांत्रिक पंप आहे की कॉमन रेल, हे बोनेट उघडलं की कळतं. पंपातून थेट चार पाइप चार नोझलना गेले असतील आणि नोझलला वायर नसेल, तर यांत्रिक. चारही पाइप एका जाड नळीतून निघत असतील आणि प्रत्येक इंजेक्टरवर वायरचा सॉकेट असेल, तर कॉमन रेल. हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण पुढची एक तपासणी यांत्रिक पंपावर रोजची आहे आणि कॉमन रेलवर जिवावर बेतणारी.

### बंद कशी पडते, ते आधी बघा

ड्रायव्हरला विचारायचा पहिला प्रश्न हाच. चावी फिरवल्यासारखी पटकन बंद पडते, की आधी आचके देत, दम तोडत बंद पडते?

पटकन, काही न सांगता बंद पडली तर आधी वायरिंग बघायचं. पुष्कळ यांत्रिक पंपांवर डिझेल थांबवणारा एक सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) असतो. त्याला १२ व्होल्ट मिळत असेपर्यंत डिझेल सुरू. खड्ड्यात त्याची पिन सैल झाली, फ्यूजचा संपर्क गेला किंवा इग्निशन स्विच झिजला की इंजिन क्षणात गप्प. तपासायला सोपं: इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा आणि सोलेनॉइडची वायर काढून पुन्हा लावा. ‘टक्’ असा आवाज यायलाच हवा. मग इंजिन चालू असताना त्याची वायर आणि चावीमागचा हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवून बघा. इंजिन अडखळलं तर जागा सापडली. ज्या गाड्यांत केबल ओढून इंजिन बंद करतात तिथे ही केबल अर्धवट अडकून राहते का, स्टॉपचा लिव्हर स्प्रिंगने पूर्ण मागे येतो का, तेही बघावं.

आचके देत बंद पडली तर डिझेल कमी पडतंय किंवा त्यात हवा आहे. अर्धा तास नीट चालते, मग दम तोडते, दहा मिनिटं उभी केली की पुन्हा सुरू होते, असं असेल तर संशय टाकीवर. जाळीवर चिकटलेला गाळ, चिंधीचा तुकडा किंवा प्लास्टिक ओढीमुळे तोंड दाबतं आणि इंजिन बंद झालं की सुटून खाली बसतं. टाकीला हवा घेणारं छिद्र बुजलं तरी हेच होतं: डिझेल निघतं पण त्याच्या जागी हवा येत नाही. बंद पडल्याबरोबर टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ करून हवा आत ओढली गेली तर कारण झाकणातच आहे. एवढ्याशा छिद्रापायी नवा फीड पंप बसवलेल्या गाड्या असतात.

फक्त क्लच दाबल्यावर किंवा सिग्नलला बंद पडत असेल तर आयडल खाली आलेलं असतं. बऱ्याच इंजिनांत ते ७५० ते ८५० च्या आसपास असतं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघावा. पण आयडलचा स्क्रू चढवून मिसिंग झाकण्याचा प्रकार गॅरेजमध्ये सर्रास चालतो, तो करू देऊ नका. आजार तसाच राहतो आणि डिझेल जास्त जळतं.

### हवा: न गळणारी गळती

सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट हीच आहे. शहाळ्याच्या नळीला मध्येच भोक असेल तर पाणी बाहेर सांडत नाही, तोंडात फक्त बुडबुडे येतात. टाकी ते फीड पंप लाइनचं तसंच. ओढीखाली असल्याने चालू इंजिनात इथून डिझेल टपकत नाही, हवा आत शिरते. त्यामुळे ‘सगळं कोरडं आहे, गळती नाही’ हा निष्कर्ष इथे काही कामाचा नाही.

लक्षणं ठरलेली. रात्रभर उभी राहिली की लाइनमधलं डिझेल टाकीकडे उतरतं. सकाळी सुरू होते, फिल्टरमधल्या डिझेलवर मिनिटभर चालते आणि बंद पडते. मग प्रायमर मारून मारून सुरू करावी लागते. टाकी पाव भागाखाली गेली की त्रास वाढतो, चढावर आणखी वाढतो.

खात्री करायला दोन-तीन फुटांची पारदर्शक डिझेल नळी हवी. फीड पंपाच्या आधीचा रबरी पाइप काढून तिथे ही नळी बसवा, क्लिपा आवळा, एअर (लाइनमधली हवा) काढा, ती कशी ते पुढे सांगितलंय, आणि इंजिन सुरू करा. पहिल्या मिनिटाचे बुडबुडे सोडून द्या, ते नळी बसवतानाचे असतात. त्यानंतरही मोहरीच्या दाण्याएवढे बुडबुडे ओळीने येत राहिले, किंवा रेस दिल्यावर लांबट फुगा सरकताना दिसला, तर हवा नळीच्या मागे, टाकीच्या बाजूने येतेय. नळीत डिझेल स्वच्छ, बिनबुडबुड्याचं असेल आणि तरी गाडी गचके खात असेल, तर पुढे बघायचं.

याच्याही पुढची आणि निर्णायक चाचणी कॅनची. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये पेट्रोल पंपावरून ताजं आणलेलं डिझेल घ्या, बोनेटजवळ इंजिनाच्या उंचीवर पक्का बांधा, सायलेन्सर आणि पंख्यापासून लांब. फीड पंपाच्या तोंडाची नळी कॅनच्या तळापर्यंत सोडा, रिटर्नचा पाइपही त्याच कॅनमध्ये घ्या. एअर काढून गाडी उभ्या जागी वीस मिनिटं आयडलला आणि रेसवर चालवा. मिसिंग गेलं तर मुख्य पंप आणि नोझल निर्दोष ठरतात. दोष टाकी, जाळी किंवा मागच्या पाइपात. नाही गेलं तर ती मागची सगळी लाइन संशयातून बाद झाली. तासाभरात अर्धी गाडी संशयातून बाहेर पडते, एवढ्या कमी खर्चात दुसरी कुठली तपासणी हे करत नाही.

हवा शिरण्याच्या जागा बहुधा याच असतात: टाकीवरच्या जोडाजवळ तडकलेला रबरी पाइप, चेसिसच्या क्लिपखाली गंजून टाचणीएवढं भोक पडलेला लोखंडी पाइप, प्रायमरचं झिजलेलं सील, फिल्टरची रिंग आणि बँजो बोल्टचे (पाइप जोडणारा, आतून डिझेल जाऊ देणारा पोकळ बोल्ट) वायसर. बँजोच्या दोन्ही बाजूंना एकेक तांब्याचा वायसर लागतो आणि एकदा दाबला गेला की तो कडक होतो. शक्यतो नवेच घाला. आडगावी नवे मिळाले नाहीत तर जुना वायसर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, तांबं मऊ पडतं. मग बारीक पॉलिश पेपरवर सपाट घासून वापरता येतो. जोडाला एमसील लावून सुटका होत नाही. ते सुटतं, आणि त्याचा चुरा आत गेला तर वेगळाच उपद्व्याप.

### एअर काढायची ती अशी

फिल्टरवरचा ब्लीडिंग स्क्रू दोन फेरे सैल करा. प्रायमर मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. सलग धार येत असतानाच, प्रायमर दाबलेला ठेवून, स्क्रू आवळा. तेच मुख्य पंपावरच्या स्क्रूला करा. यांत्रिक पंपात एवढ्यानेही सुरू झाली नाही तर दोन नोझलना येणाऱ्या लोखंडी पाइपांचे नट अर्धा फेरा सैल करून स्टार्टर मारा, डिझेल झिरपायला लागलं की आवळा. स्टार्टर एका वेळी १०-१५ सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये मिनिटभर विश्रांती द्या. एअर काढल्यावर दोन दिवस ठीक चालून पुन्हा तोच त्रास आला तर एअर परत काढून उपयोग नाही, गळती शोधायची राहिली आहे.

### पाणी आणि काळा चिकट गाळ

पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी रात्री गार होते, आतल्या हवेतला दमटपणा पत्र्यावर पाणी होऊन बसतो. शेतावर पिंपात भरून ठेवलेल्या डिझेलमध्ये तर पाणी असतंच. पाणी जड, ते तळाशी जातं. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात आणि काळा, बुळबुळीत गाळ तयार होतो. तोच फिल्टर बंद करतो.

फिल्टरखालची किंवा वॉटर सेपरेटरची गुंडी सैल करून पाव लिटरभर डिझेल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्या आणि पंधरा मिनिटं न हलवता ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा गोळे दिसले तर ते पाणी. थोडं असेल तर निथळ डिझेल येईपर्यंत काढत राहा. गंजाची भुकटी किंवा काळा गाळ आला तर टाकी उतरवून, जाळी काढून धुण्याला पर्याय नाही. नुसता फिल्टर बदलला तर तो पुन्हा भरेल. रस्त्याकडेला ‘बायोडिझेल’ म्हणून जे स्वस्त द्रव मिळतं त्याचा मामला वेगळा: त्यात काय आहे याचा पत्ता नसतो. आणि खरं बायोडिझेलसुद्धा जुन्या टाकीच्या कडेला बसलेला थर सोडवतं, तो आधी फिल्टरमध्येच येऊन साठतो.

### चारपैकी कोणता सिलिंडर मेला?

हवा-पाणी नाही, तरी आयडलला ठेका तुटतोय. आता पुढची चाचणी, फक्त यांत्रिक पंपाच्या इंजिनावर. हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे घाला. इंजिन आयडलला ठेवून पहिल्या नोझलला येणाऱ्या पाइपच्या नटावर चिंधी धरा आणि नट अर्धा फेरा सैल करा. बहुतेक गाड्यांत १७ किंवा १९ चा पाना लागतो. त्या सिलिंडरचं डिझेल बाहेर पडतं. इंजिन आणखी थरथरलं, फेरे पडले, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर मेलेला तोच. नट आवळून पुढच्यावर जा.

मेलेला सापडला की त्याची नोझल शेजारच्या सिलिंडरच्या नोझलशी बदलून बघा, खाली नवे वायसर घालून. दोष नोझलबरोबर हलला तर नोझल टेस्टरवर न्या. तिथे फवारा धुक्यासारखा पडतो की धार लागते, शेवटी थेंब लोंबतो का, किती बारला उघडते, हे डोळ्यांनी बघा. फवाऱ्यासमोर हात धरू नका, ती धार कातडीतून आत शिरते. दोष त्याच सिलिंडरला चिकटून राहिला तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि कॉम्प्रेशन तपासा. निरोगी इंजिनात कॉम्प्रेशन साधारण २५-३० बार असतं. पण आकड्यापेक्षा चारांमधली तफावत महत्त्वाची. शेजारच्या दोन सिलिंडरांत एकदम कमी आलं तर त्यांच्यामधली हेड गॅस्केट बघावी. नोझलच्या मुळाशी ‘चफ-चफ’ आवाज आणि डांबरासारखा काळा थर असेल तर मात्र खालचा वायसर गळतोय, एवढंच.

धुराचा रंग दिशा दाखवतो. डोळ्यांना झोंबणारा पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल: मेलेला सिलिंडर, उशिरा टायमिंग (फवारा वेळेनंतर पडणं) किंवा थंड इंजिन. वास न येणारा पांढरा आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर ती वाफ आहे. काळा म्हणजे हवा कमी: एअर क्लीनर, टर्बोचा फाटलेला होज. निळा म्हणजे ऑइल. आणि स्टार्टर मारताना धूरच नाही, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही.

### कॉमन रेल असेल तर

आयडललाही रेलमध्ये २५०-३५० बार दाब असतो, रेसवर हजाराच्या वर. चालू इंजिनात नट सैल करायचा नाही, कधीच नाही. टाकीपासून फिल्टरपर्यंतची तपासणी मात्र वर सांगितली तशीच, उलट इथे जास्त काटेकोरपणे, कारण पाण्याचा एक घोट हजारो रुपयांचे इंजेक्टर खराब करतो.

गरम झाल्यावर पटकन बंद, अर्ध्या तासाने थंड झाल्यावर सुरू, आणि स्टार्टर मारताना आरपीएमचा काटा हलतच नाही: क्रँक सेन्सर (इंजिनाचे फेरे मोजणारा). आयडल वर-खाली होत राहतं: पंपावरचा डिझेल मोजणारा व्हॉल्व्ह. काळ्या धुरासह खडबडीत आयडल: काजळीने उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा). इंजेक्टरांची तुलना करायला चारही रिटर्न नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडतात आणि पाच मिनिटं आयडलला चालवतात. तीन बाटल्यांत सारखं आणि चौथीत दुप्पट-तिप्पट डिझेल आलं तर तो इंजेक्टर आतून गळतोय. स्कॅनरवर पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सर, पी००८७ म्हणजे रेलचा दाब कमी. पण पी००८७ वाचून थेट हाय प्रेशर पंप बदलू नका. तुंबलेला फिल्टर आणि हवा शिरलेली लाइनही तोच कोड देतात.

### ‘फिल्टर तर गेल्याच महिन्यात बदलला’

त्याने फिल्टर संशयातून सुटत नाही. जुनी रबरी रिंग हाउसिंगला चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी बसली की हवा शिरलीच. त्रास फिल्टर बदलल्यानंतर सुरू झाला असेल तर आधी तोच उघडा. शिवाय पाण्या-गाळाच्या एका टाकीने नवा फिल्टर एका दिवसात तुंबतो.

### ‘थोडं रॉकेल टाकलं की नोझल साफ होते’

पंपाच्या आतल्या प्लंजरांना वंगण मिळतं ते डिझेलचंच. रॉकेल पातळ, प्लंजर खरवडतात, आणि मग ‘पंप गेला’ हे खरोखर खरं होतं.

### ‘इंजिन ठीक वाजतंय, पण केबिन हादरतं’

मग इंजिनाच्या रबरी माउंटिंग बघा. बोनेट उघडून आवाज ऐका: ठेका एकसारखा आणि हादरा फक्त स्टिअरिंगवर असेल तर डिझेलच्या मागे लागूच नका.

### ‘फक्त निफाडसारख्या थंडीतच त्रास होतो’

ज्या इंजिनांत हीटर प्लग (ठिणगी न देता थंड इंजिन तापवणारे) आहेत तिथे एखादा मेला की सुरुवातीची मिनिट-दोन मिनिटं मिसिंग आणि पांढरा धूर, नंतर सगळं सुरळीत. प्लगची वायर काढा, बॅटरीच्या प्लसला लावलेल्या टेस्ट लॅम्पचं टोक प्लगवर टेकवा. दिवा लागला नाही तर प्लग मेलेला.

### पंप खरोखर कधी खोलायचा

कॅनच्या चाचणीने मिसिंग गेलं नाही, नोझल टेस्टरवर चांगल्या निघाल्या, कॉम्प्रेशन सारखं आहे, टायमिंगची खूण जुळतेय, आणि तरीही एक सिलिंडर चुकतो किंवा आयडल नाचतं. मग पंप लॅबला द्या. डिलिव्हरी व्हॉल्व्ह (प्रत्येक पाइपच्या तोंडाशी असलेला) झिजला असेल किंवा गव्हर्नर (फेरे काबूत ठेवणारा भाग). पंपाच्या शाफ्टमधून इंजिन ऑइलमध्ये डिझेल उतरत असेल, म्हणजे डिपस्टिकवर ऑइल वाढतंय आणि डिझेलचा वास येतोय, तर एक दिवसही थांबू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

उतरवण्याआधी पंपाची बॉडी आणि माउंटिंग यांवर पोकरने (टोकदार सळीने) दोन्हींवरून जाणारी एक सलग खूण मारून घ्या, बसवताना टायमिंग तिथेच येईल. लॅबवाल्याकडून काढलेले जुने भाग आणि कॅलिब्रेशनचे आकडे लेखी मागा: आयडलला आणि फुल लोडला चारही लाइनना किती डिझेल पडतं. चारांत फरक जास्त दिसला तर पंप उचलू नका, पुन्हा टेस्ट बेंचवर चढवायला सांगा.